राजाच्या सुरईवर अंबूबाई

हिरामण खैरनारला एका जागी बसवत नाही. भांडी बाजारात महेशशेठच्या दुकानाच्या पायरीवर त्याची सतरंजी अंथरलेली असते, पण तुम्ही गेलात तर सतरंजी भेटेल, हिरामण भेटेलच असं नाही. तो चहाला गेलेला असतो, नाहीतर सराफ बाजारात कोणाशी तरी बोलत उभा असतो, नाहीतर नुसताच रस्ता कुठवर उकरला ते बघायला गेलेला असतो. सिंहस्थाची तयारी सुरू झाल्यापासून नाशकात उकरलेला रस्ता बघणं हा पूर्णवेळ उद्योग झाला आहे. परत आला की बसतो, गुडघा हलवतो, पुन्हा उठतो. मी स्वतः घाईची बाई, मला अशी चुळबुळ सहन होत नाही. पण हातात छिन्नी आली की हा माणूस जो स्थिर होतो, तो बघण्यासाठी मी काम नसतानाही पिशवीत एखादी वाटी टाकून तिकडे गेले आहे.

त्याचं काम भांड्यांवर नावं टाकायचं. आताच्या मुलींना हे समजावून सांगावं लागतं. पूर्वी घरात भांडं आलं की आधी त्यावर नाव पडायचं, मग त्यात डाळ शिजायची. लग्नातली, वास्तुशांतीतली, बारशाची. कोणी दिलं, कोणाला दिलं, ते काठाखाली टिंबाटिंबांनी कोरलेलं. कारण भांडी गावभर फिरायची. आपलं पातेलं शेजारच्या कार्याला जायचं आणि पंगती उठल्यावर मोरीतल्या ढिगातून नाव वाचून परत यायचं. बिननावाचं गेलं की गेलं.

हिरामण देवळ्याकडचा. घरी कांद्याचं शेत होतं, भाऊही होते, आणि कांदा निवडायला एका जागी बसावं लागतं. तेव्हा हा पळाला आणि नाशकात मामाच्या हाताखाली छिन्नी शिकला. आता साठीला आला आहे. पुढे विजेवर गुणगुणणारं कोरायचं यंत्र आलं, त्यानंही ते घेतलं, पण चांगल्या भांड्याला अजून छिन्नी आणि हातोडीच. तांदळाच्या दाण्याएवढं अक्षर, आणि ते अक्षर टिंबांचं.

या धंद्यातला एक नियम तो कधी मोडत नाही. जिवंत माणसाचं नाव भांड्यावरून खोडायचं नाही. एकदा दोन भाऊ आईच्या नावाचं तांब्याचं पातेलं घेऊन आले. वाटण्या झाल्या होत्या, आई एकाकडे गेली, पातेलं दुसऱ्याकडे आलं, आणि त्याच्या बायकोला सासूचं नाव रोज बघायचं नव्हतं. हिरामण म्हणाला, मोडीत घाला आणि नवं घ्या. ते म्हणाले, चांगलं आहे, मोडीत कशाला. तो म्हणाला, मग आईलाच विचारून या. दोघं शेजारच्या दुकानात गेले, जुनं तिथे मोडीत घातलं आणि नवं पातेलंही तिथेच घेतलं. महेशशेठनं ही गोष्ट आजवर सोडलेली नाही. दुकान त्याचं, पायरी त्याची, आणि पायरीवरचा माणूस गिऱ्हाईक परत पाठवतो. त्याचंही काही चुकत नव्हतं.

आता हा माणूस इराणच्या राजांची चित्रं कुठून काढायला लागला, हे सांगितलं पाहिजे.

रविवार कारंजाजवळ मेहेरवानशेठची इराणी बेकरी होती. बेकरीच्या तव्यांवर आणि डब्यांवर नावं टाकायला हिरामण जायचा. भिंतीवर काच लावून चार-पाच चित्रं टांगलेली होती. त्यांच्या मूळ देशात राजांच्या आणि वीरांच्या कथांचं एक अवाढव्य काव्य आहे, त्यातल्या प्रसंगांची. जुन्या कॅलेंडरातून कापलेली. बोटभर उंचीचे घोडेस्वार, जांभळे डोंगर, सोनेरी आभाळ, आणि पानाच्या कोपऱ्यात चौकटीत ओळी लिहिलेल्या. मेहेरवानशेठ अर्ध्या गुजरातीत, अर्ध्या हिंदीत कथा सांगायचे आणि ऐन रंगात आली की उठून भट्टीकडे जायचे. आधीच अस्वस्थ माणूस, त्याला अर्धी कथा दिली तर काय होणार? हा दुसऱ्या दिवशी काम नसताना हजर. राजानं मुलाला ओळखलं की नाही, किल्ला पडला की नाही, हे कळल्याशिवाय याच्या हातून इकडे नावाचं एक अक्षर धड पडत नव्हतं.

मग यानं लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर ती चित्रं उतरवायला सुरुवात केली. मेहेरवानशेठनी बघितलं आणि कपाटातून एक जाडजूड चित्रांचं पुस्तक काढून त्याच्या हातात ठेवलं. पुढे ते वारले, बेकरीच्या जागी मोबाइलचं दुकान झालं, पुस्तक हिरामणच्या घरी राहिलं.

त्यातली लिपी त्याला येत नाही. चित्रांवरून जेवढं कळतं तेवढं तो शिकला. कागद अकीकाच्या दगडानं घोटायचा, इतका की बोट घसरलं पाहिजे. रंग शिंपल्यात कालवायचे. कुंचला मांजरीच्या पिल्लाच्या मानेच्या केसांचा. बाजारातल्या मांजरी त्याला बघून पळतात असं बाजार म्हणतो, ते खोटं आहे. तो पडलेले केस गोळा करतो. सराफांकडून सोन्याचा वर्ख आणून डिंकात खलायचा. छटा पाडायची ती टिंबांनी, आणि टिंबांत याचा हात आयुष्यभर बसलेला. मी कॉलेजात भूगोल शिकवला, नकाशे काढले, माझ्या रेषेचा मला अभिमान होता. याची रेघ बघितल्यावर मी तो विषय काढणं बंद केलं, एवढंच.

वर्षानुवर्षं हे सगळं घरातल्या घरात चाललं होतं. मग महेशशेठनं लेझरचं यंत्र घ्यायचं ठरवलं. कॉम्प्युटरवर नाव टाइप करायचं, भांडं आत ठेवायचं, क्षणात नाव तयार, हवं तर गणपतीच्या चित्रासकट. दिवाळीनंतर पायरी मोकळी कर, असं त्यानं हिरामणला सरळ सांगितलं. आणि त्याच सुमाराला बातमी आली की सिंहस्थात गोदाकाठी कारागिरांचा मोठा बाजार भरणार आहे, पण ज्याच्याकडे कारागिराचं सरकारी ओळखपत्र असेल त्यालाच गाळा मिळणार. ओळखपत्र मिळालं की पुढे दिल्ली-मुंबईच्या जत्रांनाही जाता येतं. नाव टाकायच्या कामाला ते ओळखपत्र नाही. लघुचित्राला, म्हणजे हिरामण घरी काढायचा तसल्या बारीक चित्रांना, आहे. पायरी जाणार होती, आणि हे मिळालं नाही तर त्याच्यापाशी दुसरं काही नव्हतं. त्याची बायको छाया एका मेसमध्ये पोळ्या करते. तिनंच मला गाठून सांगितलं, बाई, त्याच्याकडून तो अर्ज भरून घ्या, तो काही बसायचा नाही. मी भरला.

तपासणीला दाखवायचं चित्र म्हणून त्यानं मेजवानीचा प्रसंग निवडला. राजा उद्या लढाईला निघणार आहे. आज बागेत गालिचा अंथरून वीरांना बोलावलं आहे. एक पांढऱ्या फुलांचं झाड, एक ओहोळ, वर चंद्र, बाजूला मशाल आणि उद्यासाठी सज्ज घोडा, आणि नोकर ताटं, पेले, सुरया घेऊन धावताहेत. निम्मे वीर परत येणार नाहीत हे राजाला माहीत आहे, वीरांना नाही. मेहेरवानशेठ ही कथा सांगताना भट्टीकडे उठून जात नसत म्हणे.

या प्रसंगात भांडी किती असतील ते तुम्हीच बघा.

पहिली सुरई रंगवून झाली, सोनं चढलं, घोटून झालं, आणि हिरामणची झोप उडाली. भांडं पूर्ण झालं होतं आणि त्यावर नाव नव्हतं. छाया सांगते, उठला, बसला, पाणी प्यायला, चित्रावर फडकं टाकलं, फडकं काढलं. सकाळी त्यानं सुईच्या टोकानं सुरईच्या गळ्याशी टिंबं दिली. सौ. छाया हिरामण खैरनार. मोहरीएवढ्या जागेत. मग घोरायला लागला.

तिथेच थांबला असता तर पुढचं काही घडलं नसतं. पण चित्र घेऊन तो पायरीवर यायला लागला. पायरीखाली अंबूबाई बसते, मखमलाबादहून शेवंती आणि झेंडू घेऊन येणारी. तिनं सराफाचं डोळ्याला लावायचं भिंग मागून आणलं, छायाचं नाव वाचून घेतलं, आणि म्हणाली, बायकोचं टाकलं, आम्ही काय घोडं मारलं? राजाच्या पुढ्यातली मोठी सुरई तिनं पसंत केली. मग फुलबाजार आला, सराफाकडचा हिशेबनीस आला, कल्हईवाला गोटीराम आला. ज्यानं मागितलं त्याचं नाव टाकलं. नाही म्हणायचं त्याला सुचलंच नाही. भांडं आहे, मालक आहे, नाव मागतोय. यात अडचण कुठे? इराणच्या राजाची मेजवानी आणि भांडी सगळी भांडी बाजाराची. उद्या लढाई झाली तरी ताटं बरोबर घरोघर परत आली असती.

मला विचारलं होतं, मी नको म्हटलं. माझी भांडी मी कोणाच्या लढाईला देत नाही.

तपासणीला ओळखपत्राच्या कचेरीतून शुभांगी मॅडम आल्या. पस्तिशीच्या, सुती साडी, पायात बूट, उकरलेल्या रस्त्यातून चालत आल्यामुळे घोट्यापर्यंत धूळ. बाई हुशार होती. जयपूरला राहून लघुचित्र शिकलेली. तिनं चित्र बराच वेळ बघितलं, कागदाच्या पाठीवर बोट फिरवलं, आणि चुका काढायला लागली. मशालीची सावली गालिच्यावर पडली होती. या शैलीत सावली नसते, तिनं सांगितलं. रात्र काळी करायची नसते, चंद्र आणि मशाल दाखवली की बघणाऱ्यानं रात्र समजून घ्यायची. घोड्याचा मागचा पाय माणसाच्या गुडघ्यासारखा वळला आहे. हिरामणनं एकेक चूक मान हलवून कबूल केली, त्याला ते सगळं हवंच होतं. सावली का खटकत होती ते त्याला आत्ता कळलं होतं. इतकं खूश झालेलं मी त्याला कधी बघितलं नव्हतं.

मग तिनं भिंग काढलं.

“हे काय आहे?”

“नाव हाय, मॅडम.”

“कोणाचं?”

“ज्याचं भांडं त्याचं.”

ती हसली. मग दुसऱ्या सुरईवर गेली, ताटावर गेली, पेल्यावर गेली, आणि हसू मावळलं. तिनं भिंग खाली ठेवलं आणि शांतपणे समजावलं. जुने चित्रकारही चित्रात अक्षरं घालत. महालाच्या दारावर, कमानीवर, ज्यानं चित्र करवून घेतलं त्या धन्याचं नाव लिहीत. कोणी एखाद्या दगडाखाली आपलं स्वतःचंही लिहून ठेवी.

हिरामणनं तेवढंच पकडलं. “मग माझे धनी हेच की.” आणि हात करून सगळा बाजार दाखवला. अंबूबाई पदर सारखा करून बसली.

“त्यांची लिपी तिथली होती, प्रसंगाला धरून होती,” शुभांगी मॅडम म्हणाल्या. “हिरामणभाऊ, यातली निम्मी माणसं उद्या मरणार आहेत. तो राजाचा चेहरा तुम्ही किती चांगला काढलाय. बघणारा तो बघायला वाकणार, आणि त्याला काय दिसणार? अंबूबाई.”

अंबूबाई म्हणाली, “मग? मी काय वाईट दिसते?”

कोणी हसलं नाही. मला मॅडमचं पटत होतं. आजही पटतं. ती काही कायद्याचं बोट धरून चालणारी कारकून नव्हती. तिला चित्र कळलं होतं म्हणूनच नावं सलत होती. तिनं सांगितलं, सावली आणि पाय दुरुस्त करा, नावं काढा, गणपती झाल्यावर मी पुन्हा येते. नावं असतील तर शैली बरोबर नाही असं मला लिहावं लागेल, आणि मग ओळखपत्र होणार नाही. “माझ्या हातात असतं तर” असंही ती म्हणाली नाही. तिच्याच हातात होतं, आणि ते तिनं लपवलं नाही. मला अशी माणसं आवडतात.

पुढचे दिवस हिरामणनं बाजाराला नको नको केलं. सावली एका बैठकीत पुसली, घोड्याचा पाय नीट केला. नावांपाशी आला की उठायचा. सतरंजीवर गिऱ्हाईक डबे घेऊन ताटकळायचं आणि हा गोदाकाठी, सोमवार पेठेत, कुठेही. महेशशेठला तर निमित्तच हवं होतं.

आणि बाजार दोन्ही बाजूंनी बोलायचा. पोटाला लागतं रे, खोडून टाक, असं सकाळी म्हणणारा माणूस संध्याकाळी हळूच येऊन विचारायचा, माझं शेवटी खोडशील ना? हिशेबनीसाच्या घरी आजारपण चालू होतं, त्याच्या बायकोनं निरोप पाठवला, एवढ्यात नको. अंबूबाई निरोप पाठवणारी नव्हे. ती म्हणाली, “माझं नाव खोडलंस आणि मला शिंक जरी आली ना हिरामण, तर तुझ्या दारात येऊन बसंन. फुलं बी तिथंच विकंन.”

छायाला हा सगळा वेडेपणा वाटत होता. तिनं मला बोलावून घेतलं, साक्षीला म्हणून. दुपारची मेसची वेळ आटोपून आली होती, हाताला अजून पीठ होतं. तिनं चित्र पाटावर ठेवलं, ब्लेड त्याच्या हातात दिलं आणि समोर मांडी घालून बसली.

“माझं खोड आधी,” ती म्हणाली. “बाईंच्या समोर खोड. मी कुठं मरत नाय. एकदा माझं गेलं की बाकीच्यांचं सोपं जाईल.”

त्यानं ब्लेड धरलं. वाकला. मी त्याला हजारदा वाकलेलं बघितलं होतं, छिन्नीवर, कुंचल्यावर. वाकला की त्याचा श्वाससुद्धा ऐकू येत नाही. त्या दिवशी ब्लेडचं टोक सुरईच्या गळ्यापाशी गेलं आणि हलायला लागलं. त्यानं मनगट दुसऱ्या हातानं धरलं, तर दोन्ही हलायला लागले. छाया त्याच्या हाताकडे बघत होती. तिनं लग्नापासून त्याचा गुडघा हलताना बघितला होता, मान हलताना बघितली होती, हात कधी बघितला नव्हता. ती उठली, ब्लेड काढून घेतलं, आणि चहा ठेवायला गेली.  

मग त्यानं दुसरा मार्ग काढला. भांडी नसलेला प्रसंग करायचा. शिकारीचा. राजा, घोडे, हरणं, खडक; माळरानावर कोण ताट घेऊन येणार आहे? मला वाटलं, सुटलो. आठवडाभर तो बरा बसला. मग एक दिवस बघते तर सतरंजी रिकामी. विचारलं तर म्हणाला, होत नाय. का होत नाही? घोडी इतकी दौडलीत, बाई, तोंडाला फेस आलाय, आणि आसपास पाणी प्यायला एक भांडं नाय. मी कपाळावर हात मारला. भूगोलाच्या बाईनं त्याला सांगितलं की घोडे नदीवर पाणी पितात. तो म्हणाला, राजा कशात पिणार? ते चित्र तसंच अर्धं आहे.

गणपती बसले. मॅडमचा फोन आला, विसर्जनानंतर येते म्हणून. छायानं मेसवाल्याकडे संध्याकाळच्याही पोळ्यांचं काम मागितलं, दिवाळीनंतरचा विचार करून. हिरामण आता चित्र घराबाहेर काढतच नव्हता, आणि स्वतः घरात थांबत नव्हता.

असाच हिंडताना तो गोटीराम कल्हईवाल्यापाशी उभा राहिला. कल्हईवाले आता दिसत नाहीत, पण तांब्या-पितळेच्या भांड्यांतून जेवण वाढायची हॉटेलांना हौस आली आहे, त्यामुळे गोटीरामचा भाता अजून चालतो. मी तिथे माझी पितळी परात घेऊन गेले होते, म्हणून हे मी डोळ्यांनी बघितलेलं सांगते. माझ्या आईची परात. आतल्या काठाशी आईचं नाव. गोटीरामनं परात तापवली, नवसागर टाकला, धूर झाला, कथलाचा तुकडा फिरवला आणि कापसानं झर्रकन पुसत नेला. पिवळी परात चांदीसारखी पांढरी झाली. काठही पांढरा झाला. मी विचारलं, अहो, नाव गेलं की. गोटीरामनं वरसुद्धा बघितलं नाही. म्हणाला, “कुठं जातंय? खाली हाय ना.” त्यानं पाण्यात बुडवून दिलेली परात मी तिरकी धरली आणि उजेडात आईच्या नावाची टिंबं पुसट दिसली, पाण्याखालच्या खड्यांसारखी.

हिरामणनं परात माझ्या हातातून घेतली. सरळ धरली, तिरकी धरली, पुन्हा सरळ. मग माझी परात घेऊनच निघाला. मला मागून ओरडावं लागलं.

त्यानं काय केलं ते छायाकडून कळलं. वर्ख खलला, नेहमीपेक्षा पातळ, आणि एकेका भांड्यावर सोन्याचा नवा हात दिला. टिंबं बुजवली नाहीत, खरवडली नाहीत. प्रत्येक भांड्याला हात देण्याआधी ज्याचं त्याचं नाव तोंडानं म्हणत होता म्हणे. मग वाळवलं, अकीकानं हलकं घोटलं, आणि आडवा होऊन पडला. त्याच्या मते त्यानं कोणाचंही नाव खोडलं नव्हतं. कल्हई केली होती. कल्हईनं आजवर कोण मेलं आहे?

मॅडम आल्या तेव्हा पायरीवर गर्दी होती. मी सगळ्यांना मागे सरायला सांगितलं, कोणी सरलं नाही. शुभांगी मॅडमनी चित्र हातात घेतलं. सावली गेलेली बघितली, घोड्याचा पाय बघितला, मान हलवली. भिंग काढून सुरई बघितली, ताटं बघितली. सोनं स्वच्छ. मागून कोणीतरी मोठा श्वास सोडला, आणि तिनं तो ऐकला. तिनं गर्दीकडे बघितलं, हिरामणकडे बघितलं. तो उभा होता, इतका स्थिर की कोणालाही संशय आला असता. तिनं चित्र उचललं आणि पायरीवर आलेल्या उन्हात तिरकं धरलं.

बराच वेळ तिनं ते तसंच धरलं. थोडं फिरवलं. राजाच्या पुढ्यातल्या सुरईपाशी तिची नजर थांबली हे मी बघितलं.

“हिरामणभाऊ, हे काय केलंत?”

तो खोटं बोलला असता तर मला बरं वाटलं असतं. “कल्हई केली, मॅडम.”

“नावं काढली नाहीत.”

“नाय.” मग एवढं बोलून त्याचंच समाधान झालं नाही. आवाज चढला, आणि देवळ्याची अहिराणी वर आली. “जितं माणूस शे. कसं काढू?”

 शुभांगी मॅडमनी चित्र उन्हातून काढलं, गुडघ्यावर सरळ धरलं आणि राजाच्या चेहऱ्याकडे बघत बसल्या. तिथे आता मध्ये काही येत नव्हतं. मला वाटतं, तिला स्वतःला पटेपर्यंत ती उत्तर देणार नव्हती. 

“चित्र समोरून बघायचं असतं,” ती शेवटी म्हणाली. “समोरून जे दिसतं ते मी लिहिते.” आणि तिनं पेनचं टोपण काढलं. जाता जाता त्याला सांगितलं, सोनं पातळ आहे, हळूहळू झिजेल, मग मला बोलावू नका. तो म्हणाला, झिजलं की पुन्हा करंन, कल्हई करावीच लागते.

ओळखपत्र आलं. गळ्यात अडकवायची दोरीही आहे त्याला. तो अडकवत नाही, हिंडताना शर्टात हलतं म्हणतो. सिंहस्थातला गाळा मिळणार आहे, रस्ते तोवर झाले तर.

बाजाराची मात्र आता पंचाईत झाली. नावं दिसत नाहीत, तेव्हा आपलं भांडं कुठलं हे हिरामण सांगेल तेच खरं. अंबूबाई आठवड्यातून एकदा खात्री करून घेते. तो बोट ठेवतो. ती म्हणते, मागच्या वेळी याच्या शेजारची सांगितली होतीस. तो म्हणतो, भांडी घासायला नेली होती, जागा बदलली. ती शिव्या देते आणि समाधानानं फुलं ओवायला बसते.

परवा मी तिथेच होते तेव्हा महेशशेठ आतून बाहेर आला. आत लेझरचं यंत्र खोक्यातून काढत होते. तो थोडा वेळ चित्रावर वाकला, घसा खाकरला, आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, काय रे, त्यात माझं पण टाकलंयस की नाही? त्यानं कधी मागितलं नव्हतं आणि हिरामणनं कधी टाकलं नव्हतं.

हिरामणनं चित्राकडे न बघता सांगितलं, “हाय ना शेठ. राजाच्या उजव्या हाताचं मोठं ताट.”

महेशशेठ खूश होऊन आत गेला. राजाच्या उजव्या हाताला ताट नाही, ओहोळ आहे. मी हिरामणकडे बघितलं. त्यानं शिंपला ओढून घेतला, त्यात सोनं कालवायला लागला, आणि ओहोळाच्या काठावर कुठे जागा होते का ते शोधू लागला.